ख्रिसमसची सुट्टी: घरी यायचं की फिरायचं? जर्मनीत शिकणाऱ्या मुलाच्या पालकांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला एमएस करतोय, आम्ही कोल्हापुरात. डिसेंबरात त्याला दोन आठवडे सुट्टी आहे. त्यानं घरी यावं की तिकडंच फिरावं? शिवाय आपण रंकाळ्यावर जावं तशी तिथली पोरं दर शनिवारी दुसऱ्या देशात जाऊन येतात म्हणे. त्यात कागदपत्रांची काही भानगड असते का, आणि खर्च किती येतो?"

आधी थेट उत्तर. या डिसेंबरात त्याला घरी बोलावू नका, आणि त्या दोन आठवड्यांत लांबच्या भटकंतीचा बेतही नको. नोव्हेंबर संपता संपता ते २२-२३ डिसेंबरपर्यंतचे शनिवार-रविवार त्यानं श्टुटगार्टच्या आसपास फिरण्यात घालवावेत. सुट्टीत निम्मा वेळ अभ्यासाला द्यावा. मोठी सहल किंवा कोल्हापूरची फेरी परीक्षा संपल्यावर, मार्चमध्ये.

कारण तिथलं वेळापत्रक. हिवाळी सत्र कागदोपत्री ऑक्टोबर ते मार्च असतं, तास साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतात आणि त्याला लागूनच परीक्षा. ख्रिसमसची सुट्टी म्हणजे २४ डिसेंबर ते ६ जानेवारीच्या आसपासची खिंड, आपल्या दिवाळीच्या सुट्टीसारखी ऐसपैस नाही. नेमक्या याच काळात सगळं जग घरी निघालेलं असतं, त्यामुळं भारताच्या विमानाचं भाडं अनेकदा दीडपट-दुप्पट होतं. येण्या-जाण्यात, मुंबई-कोल्हापूर धरून, चार दिवस मोडतात. मार्चमध्ये भाडं उतरलेलं असतं, डोक्यावर परीक्षा नसते, आणि आपल्याकडं गुऱ्हाळं अजून चालू असतात.

आता कागदपत्रं. इथं चुकलं तर बाकी सगळा बेत फुकट.

मुलगा गेला तो जर्मनीच्या नॅशनल म्हणजे डी व्हिसावर. तो व्हिसा ठरावीक मुदतीचा असतो आणि तो संपायच्या आत रेसिडेन्स परमिटसाठी अर्ज करावा लागतो. डी व्हिसा चालू असेपर्यंत किंवा परमिटचं कार्ड हातात असेल, तर शेंगेन गटातल्या (आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट) इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनीतले दिवस यात धरत नाहीत. अडचण मधल्या काळाची. अर्ज केला, व्हिसा संपला आणि कार्ड छापून यायला चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. अशा वेळी फॉरेनर्स ऑफिस एक घडीचा कागद देतं, त्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. नाव पाठ नाही झालं तरी चालेल, पण त्या कागदाच्या आतल्या पानावर तीन चौकटी असतात त्या बघायला सांगा. खूण तिसऱ्या चौकटीवर, म्हणजे जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम ८१ च्या पोटकलम ४ वर असेल, तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकटीवर असेल, तर बाहेर पडलेला माणूस त्या कागदावर परत आत येऊ शकत नाही. डी व्हिसा संपायच्या आत अर्ज केलेल्याला एरवी तिसरी चौकट मिळते. अर्ज उशिरा गेला की घोटाळा होतो. हा कागद ज्याच्या हातात आहे त्यानं तिकीट काढण्याआधी त्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं आणि प्रवासात ते जवळ ठेवावं.

शेंगेन आणि युरोपीय संघ या दोन गोष्टी एकच नव्हेत, इथं बरीच मुलं फसतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून जाता येतं. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया २०२३ पासून आत आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या रस्ता-रेल्वेच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. लंडनला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, जर्मन कार्ड दाखवून तिथं कुणी आत घेत नाही.

"सीमेवर कोण बघतंय" असं सीनियर सांगतील. ते जुनं झालं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. रात्रीची बस सीमेलगत थांबते, पोलीस आत चढतात आणि मूळ पासपोर्ट व कार्ड मागतात. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग अगदी नदीपलीकडं असलं तरी पासपोर्ट खिशात हवा, बसखालच्या डिकीतल्या बॅगेत नव्हे. हरवलाच, तर आधी पोलीस तक्रार, मग म्युनिकचं भारतीय वाणिज्य दूतावास, कारण श्टुटगार्टचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य त्यांच्याकडं येतं.

विम्याचा एक मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजे युरोपीय आरोग्य कार्ड. फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटलीत ते चालतं. पण ज्याच्याकडं युरोपीय देशाचं नागरिकत्व नाही त्याला त्या कार्डावर स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन इथं उपचार मिळत नाहीत. म्हणजे स्विस आल्प्समध्ये दोघांचा पाय बर्फावरून घसरला, तर जर्मन मित्राचं भागेल आणि आपल्या मुलाचं बिल खिशातून जाईल. डोंगरातून हेलिकॉप्टरनं उचलून आणण्याचा खर्च तर हे कार्ड सहसा देत नाही. परदेश प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा तिथं वर्षाला साधारण दहा-वीस युरोंत मिळतो. स्वित्झर्लंडचा बेत असो वा नसो, तो घेऊनच ठेवावा.

आता शनिवार-रविवार. आपल्याकडं शनिवारी जोतिबा, रविवारी पन्हाळा होतो तसं तिथं डॉइचलांड-टिकेटवर होतं. महिन्याचा पास, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी स्वस्तात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्तावीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी युगेंड-बीडब्ल्यू नावाचा वेगळा पास आहे. पासवर देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, ट्राम, शहर बस चालतात. गाडीच्या नावापुढं एस, आरबी किंवा आरई असेल तर बसायचं. आयसीई, आयसी, ईसी अशी लांब पल्ल्याची गाडी असेल तर नाही, डबा रिकामा दिसला तरी नाही. विनातिकीट सापडला तर किमान ६० युरो दंड, आणि "पास आहे की" हे कारण चालत नाही. साधा पास बंद करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

श्टुटगार्टहून या पासवर काय होतं ते अंतरानुसार सांगतो. एसलिंगेन लोकलनं पाव तासावर, तिथला मध्ययुगीन थाटाचा ख्रिसमस बाजार बघण्यासारखा आहे. ट्युबिंगेन आणि उल्म तासाभराच्या आसपास. उल्मच्या चर्चचं शिखर १६१ मीटरच्या वर आहे. हायडेलबर्ग दीड तासाच्या पुढंमागं, कोन्स्टांझचं सरोवर तीन तासांच्या घरात. पास ऑस्ट्रियाच्या झाल्सबुर्ग स्थानकापर्यंत आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या बाडिशर बानहोफ स्थानकापर्यंतही चालतो. पण झाल्सबुर्ग श्टुटगार्टहून प्रादेशिक गाड्यांनी पाच तासांच्या वर आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये, म्युनिकला एखाद्या मित्राकडं शुक्रवारी रात्री मुक्काम टाकावा.

एक दिवस जवळून बघू, स्ट्रासबुर्गचा. तिथला ख्रिसमस बाजार १५७० पासूनचा, त्यामुळं गर्दी महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी. श्टुटगार्टहून सकाळी सातच्या सुमारास निघावं, कार्ल्सरूहला आणि पुढं ओफेनबुर्ग किंवा आपेनवायरला गाडी बदलून जर्मनीच्या हद्दीतलं शेवटचं केल स्थानक गाठावं. तिथपर्यंत पास चालतो. स्थानकाबाहेरच स्ट्रासबुर्गची डी ट्राम मिळते, तिचं तिकीट वेगळं, दोन्ही बाजूंचं एकदमच घ्यावं. बाजाराच्या काळात शहराच्या मध्यावरच्या काही थांब्यांवर ट्राम थांबत नाही आणि पुलांवर बॅगा तपासतात, म्हणून पाठीवर छोटीच पिशवी. दुपारी चारपर्यंत फिरून घ्यावं, पाचला दिव्यांच्या उजेडात तासभर, आणि सहाच्या आत परतीची ट्राम. परतीला तीन तास लागतात आणि रविवारी रात्री गाड्या विरळ होतात. गाडी बदलायला रेल्वेचं ॲप चार मिनिटं दाखवत असेल तर तो मार्ग सोडून पुढचा घ्यावा. किमान आठ-दहा मिनिटं हवीत, कारण जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची समजूत आता गाड्यांनीच मोडीत काढली आहे. रुळांच्या कामासाठी रेल्वे शनिवार-रविवारच निवडते. आदल्या रात्री ॲप बघावं, तिथं गाडीऐवजी बस लिहिलेली असेल तर वेळ दीडपट धरावी.

बाजारात खायचं काय, हा कोल्हापूरच्या घरातून हमखास येणारा प्रश्न. भाजलेले चेस्टनट शाकाहारी. बटाट्याच्या चपट्या तळलेल्या पुरीत मांस नसतं, पण बहुतेकदा अंडं असतं. फ्लामकुखेन दिसतो पातळ पिझ्झासारखा, पण त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. नको असेल तर "ओने श्पेक" एवढं म्हणायचं. श्टुटगार्टकडचं माउलटाशन करंजीसारखं दिसतं, आतलं सारण बहुतेक वेळा मांसाचंच असतं. केझश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या, अंड्यात मळलेल्या पिठाच्या शेवया, अंडं चालत असेल तर खाव्यात. ग्लुवाइन ही गरम मसालेदार वाइन, तिचं बिनदारूचं रूप किंडरपुन्श नावानं मिळतं. दोन्हींच्या मगावर तीन ते पाच युरो अनामत घेतात. मग परत केला की पैसे परत, ठेवून घेतला तर तीच आठवण-वस्तू.

बहुतेक बाजार २२ ते २४ डिसेंबरच्या दरम्यान गुंडाळतात. म्हणून "सुट्टी लागली की ख्रिसमस मार्केट बघू" हा बेत मुळातच चुकीचा आहे. सुट्टी लागते तेव्हा दुकानं उतरवायचं काम चालू असतं. यंदा २०२६ मध्ये ॲडव्हेंटचा, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या पर्वाचा, पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, न्युर्नबर्गचा प्रसिद्ध बाजार त्याआधीच्या शुक्रवारी, २७ तारखेला उघडेल. म्हणजे हाताशी चार आठवडे. त्यातले तीन रविवार बाजारांना, एक पूर्ण झोपेला.

यंदाचा ख्रिसमस आणखी एका कारणानं लक्षात ठेवायचा. २४ डिसेंबर गुरुवारी येतो, त्या दिवशी दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद. शुक्रवार २५ आणि शनिवार २६ सार्वजनिक सुट्टी. २७ ला रविवार, आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंदच असतात. म्हणजे गुरुवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत पीठ, दूध, भाजी काही मिळणार नाही, मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं सोडली तर. वसतिगृह रिकामं होतं, विद्यापीठाची मेसही बंद असते. तांदूळ, डाळ, कांदे, दूध, अंडी बुधवारी २३ ला आणून ठेवायची. नेहमीची गोळ्या-औषधंही त्याच दिवशी. रात्री-अपरात्री डॉक्टर लागलाच, तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हेच चार दिवस मुलांना एकटेपणा जाणवतो. उजेड आठ तासांच्या आसपासच असतो, साडेचारला अंधार. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं आहोत, तेव्हा तिकडच्या दुपारी एक-दोनला, म्हणजे आपल्या संध्याकाळच्या चहानंतर फोन ठरवून ठेवा. रात्री साडेदहाला इथून "जेवलास का" विचारलं तर तिकडं सहा वाजलेले असतात आणि पोरानं अजून कुकरही लावलेला नसतो.

२७ ते ३० दरम्यान दोन-तीन दिवस कुठं जायचंच असेल, तर मुक्काम आत्ताच नक्की करावा. एकतीस तारखेच्या आसपास मोठ्या शहरांत हॉस्टेलच्या खाटेचा भाव एरवीच्या दुप्पट होतो. रेल्वेचं सगळ्यात स्वस्त तिकीट, सुपर श्पारप्राइस, रद्द करता येत नाही आणि ठरलेल्याच गाडीला चालतं. मात्र त्या गाडीमुळं मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. उशीर ६० मिनिटांचा झाला तर तिकिटाचे २५ टक्के, १२० मिनिटांचा झाला तर ५० टक्के परत मिळतात. ॲपमधून मागता येतात, तीन महिन्यांच्या आत. पोरं कंटाळा करतात आणि पैसे बुडतात.

स्वस्त विमान म्हणजे नावाला स्वस्त. फ्रँकफुर्ट-हान विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर, पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ८० च्या वर. १९ युरोंच्या तिकिटाला बसचं भाडं जोडून मग तुलना करावी. फुकट नेता येणारी पिशवी सीटखाली मावेल एवढीच, माप एअरलाइनच्या पानावर बघून घरी टेपनं मोजावं, फुगलेल्या जॅकेटसह. युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काही एअरलाइन काउंटरवर आधी तपासतात. सुरक्षा तपासणी ओलांडल्यावर ते कळलं तर परत मागं यावं लागतं आणि विमान जातं.

मार्चमधल्या मोठ्या सहलीसाठी इंटररेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास. नातेवाईक प्रेमानं युरेल पास घेऊन देतात, तो चुकीचा. युरेल युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे, आणि मुलगा आता जर्मनीचा रहिवासी. पासपोर्ट भारतीय असला तरी त्याला इंटररेलच लागतो, सत्तावीस वर्षांपर्यंत युवा दरात. राहत्या देशात, म्हणजे जर्मनीत, त्यावर फक्त दोन प्रवास-दिवस मिळतात, एक बाहेर पडायला आणि एक परतायला. फ्रान्सच्या टीजीव्हीला, इटली-स्पेनच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि पासधारकांच्या जागा मोजक्याच असतात.

सवलतीतही फरक कळायला हवा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय २६ वर्षांखालच्या युरोपातल्या रहिवाशांना मोफत आहे, नागरिकत्व बघत नाहीत, रेसिडेन्स परमिट दाखवायचं. इटलीच्या सरकारी संग्रहालयांतली दोन युरोंची सवलत मात्र युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, तिथं आपल्या मुलाला पूर्ण तिकीट.

खर्चाचा अंदाज. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात, त्यातलं खोलीभाडं आणि विमा गेला की हात आखडतो. पास असेल तर एका दिवसाच्या सहलीला खाणं-प्रवेश मिळून १५ ते २५ युरो पुरतात. एक मुक्काम वाढला की ६० ते ९०. महिन्यात तीन एकदिवसीय आणि फार तर एक मुक्कामी, एवढं झेपतं. प्रागला, बुडापेस्टला एटीएममधून पैसे काढताना यंत्र "युरोत वजा करू का" विचारतं, तिथं नाही म्हणून स्थानिक चलनच निवडावं, नाहीतर दर यंत्र ठरवतं. आणि स्वित्झर्लंड रोमिंगच्या युरोपीय नियमात येत नाही. कोन्स्टांझच्या सरोवराकाठी फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो. गाडीतून उतरण्याआधी डेटा रोमिंग बंद करायचं, बिल वाचतं.

मार्चमध्ये तो आला, तर परतीच्या दोन गोष्टी. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ५ तारीख, ०१:१० असेल तर विमानतळावर ४ तारखेच्या रात्री दहाला पोचायचं असतं. रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत उतरवते, म्हणून ती ३ तारखेच्या रात्रीची धरायची, ४ ची नव्हे. ४ ची धरली तर ती अजून वाटेतच असताना विमान उडालेलं असतं.

दुसरी गोष्ट बॅगेची. बाहेरून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. म्हणजे तूप, लोणी, खवा, पेढे आणि मटणाचं लोणचं बाहेर काढा. आंबे, कढीपत्ता, ओल्या मिरच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, नारळ मात्र चालतो. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भडंग बिनधास्त भरा. मसाला दोन पिशव्यांत, बाहेरून डब्यात. एकाच पिशवीत भरला आणि ती फुटली, तर फ्रँकफुर्टला बॅग उघडणाऱ्या अधिकाऱ्यासकट सगळ्यांना ठसका लागतो.